उजनीतला मासा वरच्या शिवारात ठरतो: मातीची धूप आणि धरणातली मासेमारी यांचं नातं काय?

जुलै महिना आला की पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या प्रत्येक मोबाइलवर एकच आकडा फिरू लागतो: उजनी किती टक्के? धरण ‘मायनस’मधून ‘प्लस’मध्ये आलं की स्टेटस बदलतात, दौंडच्या विसर्गाचे आकडे तासातासाला फॉरवर्ड होतात.

पण त्या फोटोंमधल्या पाण्याचा रंग नीट बघा. चहासारखा तपकिरी. तो रंग म्हणजे कुणाच्या तरी शेतातली, डोंगरउतारावरची किंवा बांधकामाच्या जागेवरची माती. ती धरणात येते आणि तळाशी बसते. धरणातलं पाणी पुढे कालव्यातून, नदीतून निघून जातं, माती मात्र बहुतांश तिथेच राहते.

गाळामुळे धरणाची साठवण क्षमता कमी होते, हे आपण बऱ्याचदा वाचतो. त्याच गाळामुळे धरणातले मासे बदलतात आणि त्यावर जगणाऱ्या कुटुंबांची कमाईही बदलते, याची चर्चा फारशी होत नाही. हे नेमकं कसं घडतं, ते उजनीच्या उदाहरणातून समजून घेऊया.

आधी उजनीचा पसारा समजून घ्या

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाला ‘यशवंतसागर’ म्हणतात. एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला जवळपास ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.५ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. साठवलेल्या पाण्यातला अर्ध्याहून जास्त भाग ‘मृत’ असलेलं हे धरण आहे. हा तपशील लक्षात ठेवा, माशांसाठी तो महत्त्वाचा आहे.

आता दुसरा आकडा. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत येऊन धरणात जमा होतो, तिला धरणाचं पाणलोट क्षेत्र म्हणतात. उजनीचं पाणलोट क्षेत्र सुमारे १४,८५० चौरस किलोमीटर आहे. त्यात भीमाशंकरचं जंगल येतं, मावळ-मुळशीचे डोंगर येतात, जुन्नर-आंबेगावची शेती येते, शिरूर-दौंडची माळरानं येतात आणि पुणे, पिंपरी-चिंचवड ही शहरंही येतात. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या भीमेला मिळूनच उजनीत येतात.

पूर्ण भरल्यावर जलाशयाचं पाणी साधारण ३०० चौरस किलोमीटरवर पसरतं. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक हेक्टरमागे वरच्या अंगाला जवळपास ५० हेक्टर जमीन आहे. या ५० हेक्टरांवर काय चाललंय, त्यावर त्या एका हेक्टर पाण्याची तब्येत ठरते.

या खोऱ्यात उजनीच्या वर पंधराहून अधिक धरणं आहेत. खडकवासला, पानशेत, पवना, चासकमान, डिंभे ही त्यातली ओळखीची नावं. ती आपापल्या वरच्या भागातला बराच गाळ अडवतात. पण या धरणांच्या खाली आणि उजनीच्या वर जी शेती, माळ आणि शहरं आहेत, तिथून सुटलेली माती अडवायला मध्ये मोठं असं काही नाही. म्हणून या मधल्या पट्ट्यातला जमिनीचा वापर उजनीसाठी जास्त महत्त्वाचा ठरतो.

माती सुटते कशी?

सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. उघड्या जमिनीवर टपोरा थेंब आदळला की मातीचा कण सुटतो. पाणी वाहू लागलं की ते हे कण घेऊन निघतं. आधी जमिनीचा पातळ थर धुपतो, मग बारीक ओघळी पडतात, त्या वाढून घळी होतात. जमिनीवर गवत, पीक किंवा पालापाचोळा असेल तर थेंबाचा मार मातीला लागत नाही आणि पाणी मुरायला वेळ मिळतो.

किती माती जाते? ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेला अंदाज आजही सर्वाधिक वापरला जातो. त्यानुसार भारतात वर्षाला सुमारे ५३३ कोटी टन माती धुपते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी जास्त. यातली साधारण २९ टक्के माती समुद्रात जाते, १० टक्के धरणांमध्ये बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते.

१६ टन हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर एक हेक्टर शेताचा फक्त एक मिलिमीटर थर धरा. त्याचं वजन साधारण १३ टन भरतं. म्हणजे सरासरी धूप म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा थर. शेतकऱ्याच्या डोळ्याला हा फरक दिसतही नाही. पण सर्वांत सुपीक असतो तो हाच थर, आणि तो पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

भीमा खोऱ्यात धूप वाढवणाऱ्या काही ठळक गोष्टी अशा:

१. पावसाळ्यात उघडी रानं: कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीसाठी रान खरिपात पडीक ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पाऊस जमिनीत मुरावा, हा त्यामागचा हिशोब. पण नांगरलेल्या उघड्या रानावर सप्टेंबरचा जोराचा पाऊस आला की काळी माती वाहते. या मातीतले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात.

२. उताराच्या दिशेने नांगरट: प्रत्येक तास मग पाण्यासाठी तयार नाली बनतो.

३. डोंगर फोडणं: शहरांभोवती प्लॉटिंग, फार्महाउस, रस्ते आणि खाणींसाठी उतार कापले जातात. ती सैल माती पहिल्याच पावसात ओढ्यात येते.

४. वाळूउपसा आणि काठाची शेती: नदीपात्रातली वाळू काढली की काठ ढासळतात. काठावरचं गवत आणि झाडोरा काढून थेट पाण्यापर्यंत शेत नेलं की माती गाळून घेणारी शेवटची चाळणीही जाते.

गाळ नेमका कुठे बसतो?

गाळ धरणाच्या तळाशी, मृतसाठ्याच्या जागेत बसतो आणि त्यासाठीच ती जागा ठेवलेली असते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही.

नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग एकदम मंदावतो. त्यामुळे वाळू आणि जाड कण तिथेच, म्हणजे फुगवट्याच्या वरच्या टोकाला पडतात. बारीक कण पुढे जात जात भिंतीपर्यंत पोहोचतात. म्हणजे गाळ उपयुक्त साठ्याची जागाही खातो आणि मृतसाठ्याचीही.

यातून वरच्या टोकाला उथळ, चिखलाची पठारं तयार होतात. भिगवण, कुंभारगाव परिसरातल्या अशाच उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पक्ष्यांना आणि पर्यटकांना हा उथळपणा सोयीचा वाटतो. माशांचा हिशोब मात्र वेगळा आहे.

मग माशांचं काय होतं?

गाळ माशांना एकाच वेळी अनेक बाजूंनी गाठतो.

अन्न कमी होतं. जलाशयातल्या अन्नसाखळीची पहिली कडी म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं, म्हणजेच वनस्पती प्लवंग. त्यांना सूर्यप्रकाश लागतो. गढूळ पाण्यात प्रकाश वरच्या थोड्याशा थरातच पोहोचतो. शेवाळं कमी झाली की ती खाणारे सूक्ष्म प्राणी कमी होतात आणि त्यांच्यावर वाढणारा कटल्यासारखा मासाही.

तळाचं घर बुजतं. वाळू, खडे आणि दगडांच्या फटींत किडे, अळ्या, गोगलगाई राहतात. वामसारखे तळाशी वावरणारे मासे यांवर जगतात. फटींत चिखल भरला की खाणं संपतं आणि लपायची जागाही.

अंडी गुदमरतात. अंड्यालाही प्राणवायू लागतो. त्यावर गाळाचा पातळ थर बसला तरी आतला जीव मरू शकतो. शिंगाळा हा मासा तळाशी खड्डा करून अंडी घालतो, त्याला हा फटका थेट बसतो.

कल्ले चोंदतात. पाणी फार गढूळ असेल तर बारीक कण कल्ल्यांवर बसतात. मोठा मासा तिथून हलू शकतो, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना ते जमत नाही.

खतही सोबत येतं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतं. गाळ खाली बसला, पाणी निवळलं आणि ऊन पडलं की याच स्फुरदावर शेवाळ प्रमाणाबाहेर माजतं. पाणी हिरवं होतं. रात्री हे शेवाळ प्राणवायू वापरतं, मेल्यावर कुजताना आणखी वापरतं आणि पहाटे मासे श्वासासाठी वर येऊ लागतात.

उन्हाळ्याचा आसरा आक्रसतो. उजनीचा साठा उन्हाळ्यात ‘मायनस’ होतो, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठा वापरला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. तेव्हा धरणात सुमारे ३१-३२ टीएमसी पाणी उरलं होतं, म्हणजे एकूण क्षमतेच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त. अशा वर्षी पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं आणि ते पाहायला गर्दी होते. त्याच वेळी पुढच्या हंगामात अंडी घालणारे मोठे मासे उरलेल्या खोल डोहांत दाटीने जगत असतात. सिंचनाच्या भाषेत ‘मृत’ असलेला हा साठा माशांसाठी मे महिन्यातलं एकमेव घर असतं. गाळ ते घर दरवर्षी थोडं थोडं उथळ करतो.

कोण हरतं, कोण टिकतं?

गाळाने सगळेच मासे संपत नाहीत. ज्यांना स्वच्छ तळ, वाहतं पाणी किंवा खोली लागते ते मागे पडतात आणि कशातही जगणारे पुढे येतात.

कटला, रोहू, मृगळ यांना प्रमुख भारतीय कार्प म्हणतात. हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांमधले, आपल्याकडच्या धरणांत ते आणून सोडलेले आहेत. पावसाळ्यात नदीच्या वाहत्या, चढत्या पाण्यात ते अंडी घालतात. अंडी प्रवाहासोबत वाहत राहतात आणि साधारण १५ ते २० तासांत फुटतात. पण फुगवट्याच्या टोकाशी गाळाने पात्र उथळ आणि पाणी संथ झालं की अंडी लवकर खाली बसतात आणि चिखलात जातात.

आता चिलापीकडे, म्हणजे तिलापियाकडे, बघा. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात ठेवून उबवते. पिल्लंही सुरुवातीला आईच्या तोंडात आसरा घेतात. त्यामुळे तळाशी किती गाळ बसला, याने तिच्या अंड्यांना फारसा फरक पडत नाही. ती लहान वयातच अंडी घालू लागते, वर्षातून अनेकदा घालते आणि जवळपास काहीही खाते. उथळ, कोमट, गढूळ पाण्यात तिचं छान चालतं.

‘सायप्रिनस’ नावाने विकला जाणारा कॉमन कार्प तर चिखल उकरून अन्न शोधतो आणि तळाचा गाळ पुन्हा वर आणतो. गढूळ पाण्यात टिकणारा मासा पाणी आणखी गढूळ करतो, असं हे चक्र आहे.

उजनीच्या जाळ्यांत आज चिलापीचाच भरणा असतो, असं तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आलेत. इथे भोई समाजाच्या पारंपरिक मच्छीमारांबरोबर धरणात जमीन गेलेल्या काही कुटुंबांनीही मासेमारी धरली. त्यांच्यासाठी हा फरक थेट पैशांचा आहे. वाम, मरळ, शिंगाळा किंवा मोठा कटला यांना मिळणारा भाव आणि लहान चिलापीचा भाव यांत मोठं अंतर असतं. वजनकाट्यावर आकडा तेवढाच दिसला तरी हातात येणारी रक्कम कमी असते. म्हणून ‘एकूण उत्पादन किती टन’ एवढंच पाहून धरणातल्या मासेमारीची प्रकृती कळत नाही. कोणता मासा, किती मोठा, हेही पाहावं लागतं.

पण गाळ कायमच वाईट असतो का?

नाही. थोडा गाळ आणि त्यासोबत येणारी पोषकद्रव्यं हाच जलाशयाच्या उत्पादकतेचा पाया असतो. धरण पहिल्यांदा भरतं तेव्हा बुडालेल्या जमिनीतून इतकं पोषण मिळतं की सुरुवातीची काही वर्षं मासे भरपूर मिळतात.

उथळपणाचंही तसंच. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ मध्ये भारतातल्या जलाशयांचा जो आढावा घेतला, त्यात ५,००० हेक्टरहून मोठ्या जलाशयांचं सरासरी उत्पादन हेक्टरी ११.४ किलो होतं, तर १,००० हेक्टरहून लहान जलाशयांचं ४९.९ किलो. लहान जलाशयात सोडलेलं बीज आणि काढलेले मासे यांवर लक्ष ठेवणं सोपं असतं, हे त्याचं एक कारण. उथळ पाण्यात प्रकाश तळापर्यंत जातो, हे दुसरं.

मग अडचण कुठे येते? गाळाचा वेग वाढला की. शेवाळं, किडे, मासे यांना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. उथळ पाणी स्वच्छ असेल तर फायद्याचं, उथळ आणि गढूळ असेल तर नाही.

मत्स्यबीज सोडून प्रश्न सुटत नाही का?

धरणात मासे कमी झाले की पहिली मागणी असते बोटुकली सोडण्याची. बोटुकली म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्लं. ही सोय शक्य झाली ती एका मोठ्या शोधामुळे. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. तेव्हापासून संथ पाण्यात न विणाऱ्या माशांचं बीज केंद्रावर तयार करता येऊ लागलं. १० जुलै हा म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.

बीज सोडणं गरजेचंच आहे. पण बीज सोडलं म्हणजे अन्न, आसरा आणि प्राणवायूही सोडला, असं होत नाही. पाणी गढूळ असेल तर बोटुकली कमी जगतात, जगल्या तर हळू वाढतात. शिवाय वाम किंवा शिंगाळा यांसारखे मासे कार्पच्या बोटुकलीतून परत येत नाहीत. त्यांना त्यांचा तळच परत मिळावा लागतो.

सगळा दोष मातीचाच का?

उजनीपुरतं बोलायचं तर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, लहान आसाची जाळी, ‘वडाप’सारख्या पद्धतींनी काढली जाणारी पिल्लं, परदेशी मासे आणि पाण्याची मोठी चढउतार ही सगळी कारणं एकत्र काम करतात.

गाळ यातल्या बहुतेक कारणांची धार वाढवतो. सांडपाण्यातल्या स्फुरदात तो शेतातलं स्फुरद मिसळतो. उथळ पाण्यात पिल्लं एका जागी सापडतात, त्यामुळे बारीक जाळ्यांचं काम सोपं होतं. आणि पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर शेती होते. ही शेती अनेकांचा आधार आहे. पण तिथे नांगरलेली माती आणि मारलेलं औषध पहिल्या पाण्यासोबत थेट जलाशयात मिसळतं, तेही मासे विणीसाठी काठाकडे येतात त्याच दिवसांत.

मग उपाय काय?

इथे मूळ पेच आहे. ज्याचं नुकसान होतं, तो मच्छीमार धरणावर असतो. माती अडवू शकतो, तो शेतकरी शंभर किलोमीटर वर असतो. मच्छीमाराला वरच्या शिवारात काही बोलता येत नाही आणि वरच्याला खालच्या माशांशी देणंघेणं नसतं. सरकारी कामही तसंच वाटलेलं: माती एका खात्याकडे, जंगल दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याकडे आणि मासे चौथ्याकडे.

हा पेच सुटू शकतो, याचं गाजलेलं उदाहरण चंदीगडजवळ आहे. १९५८ मध्ये तयार झालेला तिथला सुखना तलाव पुढच्या दोनेक दशकांत निम्म्याहून जास्त गाळाने भरला. मृदसंधारण शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांनी गाळाचा माग काढला तेव्हा तो शिवालिक टेकड्यांतल्या सुखोमाजरी या छोट्या गावापर्यंत पोहोचला. उघड्या टेकड्यांवर गुरं चरत होती. शहराचा तलाव वाचवण्यासाठी गावाने चराई थांबवावी, असं कुणी का ऐकेल? मग गावासाठी छोटे बंधारे बांधले गेले, पाण्यात प्रत्येक कुटुंबाला वाटा मिळाला आणि गावकऱ्यांनी स्वतःहून टेकड्या राखल्या. तलावाकडे जाणारा गाळ झपाट्याने घटला, गावातलं गवत आणि पीकही वाढलं.

आपल्याकडे हे नवं नाही. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि माथा ते पायथा पाणलोटाची कामं करून गाव बदललं. तेव्हा डोळ्यांसमोर मासे नव्हते, स्वतःची माती आणि पाणी होतं. पण शेतात अडलेली माती धरणात येत नाही, हा हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे.

भीमा खोऱ्यात उपयोगी पडतील अशा गोष्टी साध्या आहेत: उताराला आडवी पेरणी आणि बांधबंदिस्ती, पडीक रानावर खरिपात मूग-उडदासारखं जमीन झाकणारं पीक, डोंगरावर सलग समतल चर आणि गवत, ओढ्या-नद्यांच्या काठाला न नांगरलेला हिरवा पट्टा आणि डोंगर कापणाऱ्या बांधकामांवर पावसाळ्याआधी माती रोखण्याची सक्ती.

गाळ उपसण्याचं काय? राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलावातला गाळ शेतात नेला की तलाव खोल होतो आणि शेत सुपीक. छोट्या तलावांसाठी हे उत्तम. फक्त उपसताना एखादा खोल डोह पाण्यासकट राखला पाहिजे, नाहीतर विणीचे मासेही गाळासोबत संपतात. उजनीएवढ्या जलाशयात मात्र उपशाला मर्यादा आहेत. तिथे गाळ येऊ न देणं हेच स्वस्त पडतं.

थोडक्यात

- उजनीच्या प्रत्येक हेक्टर पाण्यामागे जवळपास ५० हेक्टर जमीन आहे. तिथून आलेली माती अन्न, अंडी, तळ आणि खोली या सगळ्यांवर परिणाम करते.
- वाम, शिंगाळा, कार्प मागे पडतात, चिलापी टिकते. टनांचा आकडा तेवढाच राहूनही मच्छीमाराची कमाई घटू शकते.
- बोटुकली सोडणं गरजेचं आहे, पण बिघडलेल्या पाण्याची ती दुरुस्ती नाही.
- माती शेतात अडवली तर पहिला फायदा शेतकऱ्याचा होतो. वरच्या आणि खालच्या माणसाचं हित जुळतं ते इथेच.

यंदा उजनी भरल्याची पोस्ट आली की टक्केवारीसोबत पाण्याचा रंगही बघा. भिगवणच्या बाजारात पुढच्या काही वर्षांत कोणता मासा येणार, याचा अंदाज त्यातूनही बांधता येतो.